गरिबीतून वर आलात, मग?

ठाण्यात निवडणूक लागली की उमेदवारांची बालपणं फ्लेक्सवर चढतात. तीन हात नाक्यापासून कापूरबावडीपर्यंत नजर टाकली तर कुणी कामगाराचा मुलगा, कुणी चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत वाढलेला, कुणी पेपर टाकून शिकलेला. वर नेत्यांच्या गोल फोटोंची रांग, खाली पक्षाचं चिन्ह. पाण्याचं, कचऱ्याचं, शाळेचं काय करणार, हे त्यात कुठे नसतं आणि त्याची कुणाला चुटपुटही लागत नाही. बालपणाची गोष्ट आपल्याला मनापासून आवडते. हे शहरच ट्रंक आणि वळकटी घेऊन आलेल्यांचं आहे. सातारा, कोकण, खानदेश, कुठून कुठून माणसं आली, गाववाल्याच्या खोलीवर राहिली आणि एखाद्या कंपनीत चिकटली. वर गेलेल्या माणसात आपल्याला आपलं राहून गेलेलं आयुष्य दिसतं. मत द्यायला तेवढं पुरतं.

या गोष्टींतली सगळ्यात मोठी गोष्ट अर्थातच एकनाथ शिंदे यांची. जन्म १९६४चा, मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं, महाबळेश्वर तालुक्यातलं दरे. घर ठाण्याला आलं. अकरावीत शिक्षण सुटलं, मिळेल ती कामं केली, रिक्षा चालवली. आनंद दिघे यांच्या शिवसेनेत काम सुरू झालं. १९८४ साली वागळे इस्टेटमधल्या किसननगरचे शाखाप्रमुख, १९९७ला नगरसेवक, २००१ला महापालिकेत सभागृह नेते, २००४ला आमदार. मग जून २०२२चं बंड, सुरत, गुवाहाटी आणि ३० तारखेला मुख्यमंत्रिपदाची शपथ. डिसेंबर २०२४पासून उपमुख्यमंत्री. दिल्लीतल्या वाहिन्यांना आता त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. त्यांच्या घरावर आलेला एक मोठा आघातही ठाणेकरांना ठाऊक आहे. तो मी इथे आणणार नाही. ते दुःख त्यांचं आहे. त्याने त्यांच्या राजकारणाच्या बाजूने किंवा विरोधात काहीच सिद्ध होत नाही.

हा चढ खरा आहे आणि त्याला नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही. ज्या राज्यात आमदारकी बापाकडून मुलाकडे सातबाऱ्यासारखी जाते, तिथे किसननगरच्या शाखेतला मुलगा मुख्यमंत्री होतो, ही या राज्यासाठी बरी गोष्ट आहे. माझी हरकत वेगळी आहे. ती गोष्ट आपण कशासाठी वापरू देतो, हे तपासायला हवं.

२०२२चा जुलै आठवा. सत्ता गेलेल्यांनी शिंदेंना ‘रिक्षावाला’ म्हणून हिणवलं. ते हिणवणं हलकं होतं. ज्या पक्षाची शाखा रिक्षावाल्यांनी, हमालांनी आणि प्रेसवर काम करणाऱ्यांनी उभी केली, त्या पक्षातून ते यावं हे तर आणखीच वाईट. उत्तरही तयार होतं: रिक्षाने मर्सिडीजला मागे टाकलं. टाळ्या पडल्या, सामना संपला. आठवडाभर अख्खा महाराष्ट्र रिक्षावर बोलत होता, पण रिक्षा चालवणाऱ्या माणसाबद्दल दोन्ही बाजूंनी एक वाक्य निघालं नाही. शिफ्टच्या गाडीचं मालकाला द्यावं लागणारं भाडं, सीएनजीच्या रांगेत जाणारा वेळ, पासिंगचा खर्च, ताप आला की बुडणारा रोज. रिक्षा दोघांच्याही उपयोगाची होती, रिक्षावाला कुणाच्याच नव्हता.

गरिबीची गोष्ट राजकारणात नेमकं हेच करते. ती प्रश्नाच्या आधी येऊन बसते. रस्त्यावर पाणी तुंबलं म्हणावं तर ‘आम्ही गुडघाभर पाण्यातून शाळेत गेलोय’. हॉस्पिटलात खाट नाही म्हणावं तर ‘गरिबी काय असते ते आम्हाला सांगू नका’. विचारणारा वरमतो. आपण सुखवस्तू, आपल्याला काय कळणार, असं त्याला वाटायला लागतं आणि प्रश्न तिथेच राहतो. ऑगस्ट २०२३मध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले. तेव्हा मुख्यमंत्री ठाण्याचे होते. चौकशी समिती नेमली गेली. त्या रुग्णालयात मुंब्रा, दिवा, शहापूर, मुरबाडकडून जी माणसं येतात, ती त्याच थरातली आहेत जिथून फ्लेक्सवरची सगळी बालपणं येतात. त्यांना नेत्याच्या लहानपणाशी काय देणंघेणं? त्यांना खाट हवी असते, डॉक्टर हवा असतो, रात्री दोन वाजता चालू असलेली तपासणी हवी असते.

मग गरिबीतून आलेल्या माणसाकडून वेगळी अपेक्षाच करायची नाही का? करायची. मला तर त्याच्याकडून जास्तच अपेक्षा आहे. जे स्वतः सोसलं, ते पुढच्याला सोसावं लागू नये म्हणून त्याने कायद्यात, योजनेत, यंत्रणेत काय बदललं, हे त्याला विचारायचं. या प्रश्नाची उत्तरं शोधायला फार लांब जावं लागत नाही. वाशीला जावं.

कांदा-बटाटा मार्केटात भल्या पहाटे गाडी धक्क्याला लागते. टोळी चढते. मुकादम आकडा लिहीत उभा असतो. पाठीवर गोणपाट टाकून माणूस वाकतो, वरचे दोघे गोणी त्याच्या मानेच्या मागे अलगद बसवतात आणि तो घाईच्या चालीने गाळ्यात शिरतो, कारण सावकाश चाललं तर वजन जास्त लागतं. पूर्वी या गोण्या शंभर शंभर किलोच्या असायच्या. या माणसाची मजुरी व्यापाऱ्याच्या खिशातून थेट त्याच्या हातात येत नाही. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे वरचा ठरावीक टक्का, माथाडी म्हणजे ओझी वाहणाऱ्या कामगारांच्या मंडळात भरतो, मंडळ कामगाराला पगार देतं, त्याचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार यांचा हिशेब ठेवतं. मालक रोज बदलतो, कधी दिवसातून चारदा बदलतो, तरी नोंद एका ठिकाणी राहते. ज्याला कुणी कायमचा मालक नाही अशा हमालाला पेन्शनीच्या वयात दोन पैसे मिळतात ते यामुळे.

ही रचना १९६९च्या माथाडी कायद्यातून आली आणि त्या कायद्यामागे अण्णासाहेब पाटील होते. पाटण तालुक्यातून मुंबईत आलेला, स्वतः ओझी वाहिलेला माणूस. हमालाचं दुखणं त्याला ऐकून माहीत नव्हतं, खांद्याला माहीत होतं. त्या माहितीचं त्याने काय केलं? भाषणं केलीच. संघटना बांधली, संप केले. पण शेवटी एक यंत्रणा उभी राहिली, जी त्याच्यानंतरही चालली. १९८२ला अण्णासाहेब गेले. बाजार मुंबईतून वाशीला आला, कोपरखैरणे-घणसोलीत माथाडींच्या वसाहती झाल्या, त्यांची मुलं इंजिनीअर झाली, काही सोसायट्यांचे चेअरमनही झाले, आणि मंडळ अजून पगार काढतंय. या कायद्याच्या आडून एमआयडीसीत खंडणी उकळणाऱ्या टोळ्याही निघाल्या, हे उद्योजक सांगतात आणि त्यात तथ्य आहे. कायद्याची कड घेताना ते लपवायचं कारण नाही. तरीही शेतमजुरापासून गिग कामगारापर्यंत असंघटितांसाठी काही करायचं म्हटलं की आजही लोक याच कायद्याकडे बोट दाखवतात. एका हमालाच्या अनुभवाची पोच एवढी असू शकते.

असाच दुसरा माणूस महाराष्ट्राबाहेरचा. के. कामराज. तमिळनाडूतलं विरुधुनगर, जन्म १९०३. सहाव्या वर्षी वडील गेले, शाळा अर्ध्यावर सुटली, मामाच्या कापडदुकानात काम. १९५४ ते १९६३ ते मद्रास राज्याचे मुख्यमंत्री होते. त्या काळात खेडोपाडी शाळा निघाल्या आणि शाळेत दुपारचं जेवण सुरू झालं. पुढे काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून नेहरूंनंतर शास्त्रींना आणि शास्त्रींनंतर इंदिरा गांधींना पंतप्रधानपदी बसवण्यात त्यांचा हात होता. देशाच्या राजकारणात त्यांचं नाव या घडामोडींसाठी घेतलं जातं. मला त्या जेवणाचं अप्रूप जास्त वाटतं. भुकेलं पोर वर्गात बसत नाही हे कळायला समिती लागत नाही, पण ते राज्याच्या अंदाजपत्रकात घालायला मुख्यमंत्री लागतो. तोच विचार पुढे फिरत फिरत देशभर गेला आणि आज ठाण्यातल्या लोकमान्यनगरच्या महापालिका शाळेत दुपारी खिचडीचा वास येतो.

आपल्याकडे यशवंतराव चव्हाण. देवराष्ट्रेच्या या मुलाचेही वडील लहानपणीच गेले, आई विठाईने वाढवलं. मुख्यमंत्री असताना कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना फी माफ करणारी ईबीसी सवलत त्यांच्या सरकारने आणली. आज साठी-सत्तरीत असलेल्या कितीतरी ठाणेकरांच्या डिग्रीमागे ती सवलत आहे, त्यांना विचारून बघा. योगायोग असा की एकनाथ शिंदेंनी मंत्री झाल्यावर राहिलेलं शिक्षण पूर्ण केलं, ते यशवंतरावांच्याच नावाच्या मुक्त विद्यापीठातून. शिक्षण सुटलेल्या माणसाला पन्नाशीतही पदवी घेता येते, कारण कुणीतरी १९८९ साली तशी सोय सरकारी खर्चाने करून ठेवली होती. एकट्याच्या जिद्दीच्या गोष्टीत ही सोय सहसा येत नाही. फ्लेक्सवर तिला जागा नसते.

बाबासाहेबांनी आपल्या लहानपणाविषयी लिहिलं आहे. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसणं, तहान लागली तरी नळाला हात लावायची मुभा नसणं. वाचताना जाणवतं ते असं की त्यात ‘बघा मी कसा वर आलो’ याचा मागमूस नाही. ते साक्ष देतात, समाजाविरुद्ध. आणि घटनेच्या अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या कलम १७मध्ये त्या साक्षीचा निकाल लिहिलेला आहे.

गरिबी भोगली म्हणजे कळवळा येतोच, हेही काही खरं नाही. वागळे इस्टेटमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा: हेल्परचा सुपरवायझर झालेला माणूस हेल्परला सगळ्यात जास्त पिळतो. ‘मी नाही का केलं? तुला काय धाड भरलीय?’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. राजकारणातही या जातीची माणसं भरपूर आहेत. ज्याला आपला चढ फक्त स्वतःच्या कर्तृत्वाचा वाटतो, त्याला मागे राहिलेला प्रत्येकजण आळशी वाटायला लागतो. म्हणून लहानपण कसं गेलं यावरून माणूस पुढे कसा वागेल याचा अंदाज बांधता येत नाही. अंदाज बांधायचा तर त्याच्या सह्या बघाव्या लागतात. कुठल्या फायलीवर केल्या, कुठल्या अडवून ठेवल्या.

नवी मुंबईच्या प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचं उदाहरण मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. जून २०२१मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचं नाव द्या म्हणून हजारो भूमिपुत्र रस्त्यावर उतरले. मानवी साखळी केली, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाला घेराव घातला. त्या गर्दीत आगरी-कोळी घरांतली विशीतली पोरं होती, ज्यांनी दिबांना सभेत बोलताना कधी पाहिलेलं नसणार. दिबांचं बालपण कसं गेलं, असं त्यांना विचारलं असतं तर किती जणांना सांगता आलं असतं? फारच थोड्यांना. पण साडेबारा टक्के म्हणजे काय, हे प्रत्येकाने सांगितलं असतं. नवी मुंबईसाठी जमीन गेली तिच्या बदल्यात तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाला पाहिजे, ही मागणी १९८४च्या जानेवारीत जासई-दास्तान फाट्यावर पाच माणसांच्या रक्तातून गेली आणि पुढे योजना झाली. आज उलव्यापासून ऐरोलीपर्यंत अनेक घरांचा संसार त्या भूखंडावर उभा आहे. काहींनी बिल्डरला विकून पैसा उडवला, तोही भाग आहेच. तरी तिथल्या माणसाला दिबांचं नाव हवं आहे ते त्यांनी काय सोसलं यासाठी नाही, त्यांच्यामुळे काय मिळालं यासाठी.

मग शिंदेंना कशावर जोखायचं? त्यांच्याच किसननगरावर. अरुंद गल्ल्या, एकमेकांना खेटलेल्या, परवानगीशिवाय उभ्या राहिलेल्या चार-चार मजली इमारती, जिन्यावर दिवसाही दिवा. अशा इमारती कोसळल्या की काय होतं ते ठाण्याने ४ एप्रिल २०१३ला शिळफाट्याच्या लकी कंपाउंडमध्ये पाहिलं. ७४ माणसं गेली. क्लस्टर योजना, म्हणजे अशा जुन्या-धोकादायक इमारतींच्या अख्ख्या वस्तीचा एकत्र पुनर्विकास, ठाण्याला लागू व्हावी म्हणून शिंदेंनी आमदार असताना वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य करायला हवं. मुख्यमंत्री झाल्यावर २०२३मध्ये किसननगरच्या क्लस्टरचं भूमिपूजन त्यांच्याच हस्ते झालं, सिडको कामाला लागली. माझ्या मते हीच त्यांची खरी परीक्षा आहे आणि ती रिक्षापेक्षा कितीतरी मोठी आहे. आपण सोसलेलं पुढच्याला सोसावं लागू नये, या कसोटीला उतरेल असं हे काम आहे. त्यामुळे प्रश्नही याबद्दलचेच हवेत. चावी कधी? तोपर्यंत भाडं वेळेवर मिळणार का? पोटमाळ्यावर भाड्याने राहणाऱ्याचं काय? तळमजल्यावरच्या गिरणीवाल्याला, शिवणकामवाल्याला गाळा मिळणार का? नव्या इमारतीचा मेंटेनन्स तिथल्या घरांना झेपेल का? हे सगळं नीट झालं तर पुढच्या पिढ्या किसननगरात त्यांचं नाव घेतील, जसं कोपरखैरण्यात अण्णासाहेबांचं घेतात. रेंगाळलं तर रिक्षाची गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी उपयोग नाही.

याहून गंभीर मुद्दा पुढचा आहे. शिंदे ज्या शिडीने चढले, ती शिडी आता आहे कुठे?

तिच्या पायऱ्या आठवा. वागळे इस्टेटमधल्या कंपन्या, निदान हेल्परची नोकरी. संध्याकाळी शाखा. शाखेत पाण्याची तक्रार, रेशनकार्ड, ऍडमिशन, मयताची व्यवस्था. त्यातून माणसं ओळखीची होतात, वॉर्डात नाव होतं, मग महापालिकेचं तिकीट. यातली पहिली पायरी कधीच गेली. कॅडबरी, नितीन कंपनी ही आता रिक्षावाल्याला सांगायची ठिकाणं उरली आहेत, रेमंडच्या जागी टॉवर आहेत. शाखेचं काय झालं, ते एका रिक्षावाल्यानेच मला सांगितलं. नितीन कंपनीहून लोकमान्यनगरला जाताना त्याच्या काचेवर शिंदे साहेबांचा स्टिकर दिसला म्हणून विषय काढला. पोरगा पंचविशीतला, गाडी शिफ्टची. ‘काका, साहेब चालवायचे तेव्हा शिफ्ट मारून माणूस संध्याकाळी शाखेत बसू शकत होता. आता परमिट खुली झाली, गाड्या वाढल्या. मी बारा तास मारतो तेव्हा मालकाचे आणि गॅसचे सुटून पाचशे-सातशे हातात. घरी जाऊन आडवा होतो. समाजसेवा करायला पण वेळ पाहिजे ना?’ सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, ‘आणि आता शाखेत बसायला पण गाडी लागते, चारचाकी.’ २०१७मध्ये परवाने खुले झाले, हे तो चुकीचं सांगत नव्हता.

आणि तिकिटाची पायरी? नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२०मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२मध्ये. आधी कोविड, मग ओबीसी आरक्षणाचा वाद, मग प्रभागरचनेचे खटले. निवडणूक झाली जानेवारी २०२६मध्ये. म्हणजे नवी मुंबईत साडेपाच वर्षं नगरसेवक हा प्राणी अस्तित्वात नव्हता, प्रशासक कारभार बघत होते. मे २०२०मध्ये ऐरोलीतल्या एखाद्या मुलीला एकविसावं लागलं असेल तर उभं राहायचा कायदेशीर हक्क मिळूनही पहिली संधी येईपर्यंत ती सव्वीस ओलांडून गेली. या काळात कुणी तरुण कार्यकर्ता घडणार कसा? नगरसेवकच नाही तर त्याच्यामागे वॉर्डात फिरून काम शिकणार कुणाच्या? नवी मुंबईत साडेपाच आणि ठाण्यात जवळपास चार वर्षं निवडणूक नाही, यावर दोन्ही शहरांत एकही मोठा मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही. सत्ताधाऱ्यांना घाई नव्हती, हे समजू शकतं. विरोधकांनाही फारशी नव्हती.

निवडणूक आली तीही चार सदस्यांच्या प्रभागाची. मुंबईत एका वॉर्डाला एक नगरसेवक, ठाण्यात आणि नवी मुंबईत पॅनेल. ठाण्यात १३१ जागा आणि ३३ प्रभाग. २०११च्या जनगणनेनुसार ठाण्याची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार. म्हणजे एका जागेमागे चौदा हजार माणसं, पण प्रचार करायचा तो छप्पन हजारांच्या प्रभागात, आणि लोकसंख्या तेव्हापासून वाढलेलीच आहे. चौदा हजारांच्या वस्तीत चप्पल झिजवून नाव करता येतं. गल्ली ओळखते, बचतगटातल्या बायका ओळखतात, गणपती मंडळ ओळखतं. छप्पन हजारांत पैसा लागतो, पॅनेल लागतं, चिन्ह लागतं. अपक्ष उभ्या राहणाऱ्या धडपड्या मुलाने या प्रभागात काय करावं? पॅनेलमधल्या तगड्या उमेदवाराच्या मागे लागावं, त्याचा फ्लेक्स लावावा आणि त्याच्या बालपणाची गोष्ट लोकांना सांगत हिंडावं. उद्या असा एखादा मुलगा किसननगरातून उभा राहू पाहील, तर त्याला अडवायला विरोधी पक्षाची गरज नाही. प्रभागाचा नकाशाच पुरेसा आहे.

याच्या जोडीला घराणी. श्रीकांत शिंदे २०१४पासून कल्याणचे खासदार आहेत. नवी मुंबईत गणेश नाईकांचे एक चिरंजीव शहराचे पहिले महापौर आणि पुढे खासदार झाले, दुसरे आमदार झाले. हे सगळे लोकांच्या मतांवर निवडून आले, त्यात बेकायदा काही नाही. पण गंमत बघा, दुसऱ्या पिढीला सांगायला स्वतःचं खडतर बालपण नसतं, मग वडिलांचं बालपण पुन्हा कामाला येतं. एका माणसाच्या हालअपेष्टांवर दोन पिढ्यांचा प्रचार भागतो. शिडी चढून गेलेल्याने ती वर ओढून घेतली असं मी म्हणत नाही. पण ती गच्चीवर घरातल्यांसाठी ठेवलेली दिसते, एवढं नक्की.

बायकांच्या बाबतीत हा हिशेब आणखी विचित्र आहे. निम्म्या जागा राखीव असल्यामुळे पालिकेत नगरसेविका भरपूर. त्यांतल्या कित्येकींनी घरकाम करून, पोळीभाजी केंद्र चालवून घर उभं केलेलं असतं. पण फ्लेक्सवर संघर्ष नवऱ्याचा छापला जातो. तिच्या वाट्याला ‘सौ.’ येतं.

याला पर्याय होता, आणि तो याच ठाण्याने पाहिलेला आहे. १९७७ आणि १९८०ला इथून लोकसभेवर निवडून गेलेले, जनसंघाच्या परंपरेतले रामभाऊ म्हाळगी मतदारांना आपल्या कामाचा वार्षिक अहवाल देत. कुठले प्रश्न विचारले, काय झालं, काय नाही झालं. त्यांच्या विचारसरणीशी माझं जुळत नाही, पण हा शिरस्ता मला आवडतो. आज त्यांचं नाव उत्तनच्या प्रबोधिनीला आहे, जिथे सगळ्या पक्षांचे लोकप्रतिनिधी प्रशिक्षणाला जातात. अहवालाची सवय मात्र तिथून परत येताना कुणी घेऊन आल्याचं दिसत नाही. आपणही मागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२-०३च्या निकालांमुळे उमेदवाराला मालमत्ता, गुन्हे, शिक्षण सगळं शपथपत्रात लिहून द्यावं लागतं. ती कागदपत्रं सगळ्यांना बघायला मिळतात. दहा वर्षांपूर्वीचं आणि आताचं शपथपत्र शेजारी ठेवून वाचलं तर बालपणानंतरचं आयुष्य कळतं, जे आपल्याला मत देताना जास्त उपयोगाचं आहे. आपण वाचत नाही, कारण त्यात डोळ्यांत पाणी आणणारं काही नसतं. रकाने असतात.

महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे. गावात ग्रामसभा असते तशी शहरात मतदारांची सभा, जिथे नगरसेवकाने लोकांसमोर बसायचं आणि कामं ठरवायची. ठाण्यात ती कुणी नियमाने घेतल्याचं मी पाहिलेलं नाही. ठाण्याचे १३१ आणि नवी मुंबईचे १११ नगरसेवक आता निवडून आलेले आहेत. आपल्या प्रभागात क्षेत्रसभा लावा, असा अर्ज द्यायला कुणाची परवानगी लागत नाही; प्रभाग समितीच्या कार्यालयात आवक खिडकीवर पोच घेतली की झालं. सभेत साहेबांनी लहानपणीची गोष्ट काढली तर ऐकून घेऊ. पण विषयपत्रिकेत पाणी आधी लिहिलेलं असू द्या.